कचरा घराबाहेर जाण्याआधी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कचऱ्याची ढकलगाडी थांबते. ताई घरोघरचे डबे गोळा करतात, ओला कचरा पिंपात ओततात आणि मग सुक्याची पिशवी सोडून तिच्यात हात घालतात. हाताला कोरडा पुठ्ठा लागला तर तो गाडीला अडकवलेल्या गोणीत जातो, तिथून भंगारच्या दुकानात आणि पुढे कागद गिरणीत. तोच पुठ्ठा आमटीत भिजलेला निघाला तर त्याला कुणी दोन पैसेही देत नाही, तो कचरा डेपोच्या वाटेला लागतो. घरात आले तेव्हा दोन्ही पुठ्ठे सारखेच होते. त्यांचं पुढे काय होणार हे आपल्या स्वयंपाकघरात ठरलं, फार तर पाच सेकंदांत.

त्या पाच सेकंदांत काय करायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे. मी पुण्यात राहते, चार माणसांचं घर आहे, आणि गेली काही वर्षं घरचा ओला कचरा घरातच जिरवते. त्यामुळे उदाहरणं इथली आहेत, पण पद्धत कोणत्याही गावात चालेल.

आधी डेपोबद्दल

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, माश्या आणि दुर्गंधीने लोक हैराण झाले, गावकऱ्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबईत देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. २०१६ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली, धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

या दोन्ही दुखण्यांच्या मुळाशी ओला कचरा आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. भाजीची देठं, सालं, शिळा भात ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग तो सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. मिथेन पेट घेतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. सडताना सुटलेलं काळं पाणी ढिगातलं सगळं विष घेऊन जमिनीत मुरतं आणि विहिरीपर्यंत पोचतं. तीच देठं हवेशीर डब्यात कुजली तर त्यांची माती होते. म्हणून सुरुवात ओल्यापासून करा. आपल्याकडच्या घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून जास्त भाग त्याचाच असतो.

पहिली पायरी : एक डबा, दोन पिशव्या, एक बरणी

नवीन डबे विकत आणू नका. ओल्यासाठी झाकणाचा एखादा जुना डबा ओट्याखाली ठेवा. सुक्यासाठी मोठी पिशवी किंवा गोणी गॅलरीत, पाऊस लागणार नाही अशा जागी टांगा. तिसरी छोटी पिशवी न्हाणीघराजवळ, सॅनिटरी पॅड, डायपर, बँडेज यांच्यासाठी. आणि एक जाड प्लॅस्टिकची बरणी, ब्लेड आणि सुया यांच्यासाठी, मुलांचा हात पोचणार नाही अशी. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून कचरा वेगवेगळा करून देणं प्रत्येक घराला बंधनकारक आहे. म्हणजे हा कुणाचा छंद नाही, कायदाच आहे.

ओल्याच्या डब्यात प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. तळाला वर्तमानपत्राचा तुकडा घाला, डबा रोज धुऊन उपडा ठेवा, वास येत नाही.

काय कुठे टाकायचं यात पहिले आठ दिवस गोंधळ होतो. आमच्याकडे एक सोपं सूत्र आहे: जे सोललं, चिरलं, निवडलं, शिजवलं ते ओलं. चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, निर्माल्य हे ओल्यात. मात्र हारातला दोरा आणि चमकी काढून घ्यायची. हात पुसलेला, तेलकट झालेला टिश्यू पेपरही ओल्यात. कागदी कप मात्र सुक्यात, कारण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात आणि कोरडं झाकण सुक्यात, असे दोन भाग करता येतात. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय डब्यात वर्षभर तशीच राहते, ती वेगळी ठेवा.

दुसरी पायरी : ओला कचरा जिरवणं

इथे जरा सावकाश वाचा, कारण लोक सोडून देतात ते इथेच.

झाकण असलेल्या वीस लिटरच्या दोन जुन्या बादल्या घ्या. रंगाच्या घ्यायच्या असतील तर आधी खरवडून स्वच्छ धुवा. ड्रिलने बुडाला दहा-बारा आणि बाजूंनी तीस-चाळीस भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनी परात सरकवा. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार बोटं थर, त्यावर वाळलेला पाला, त्यावर विरजण म्हणून ओंजळभर तयार खत. खत नसेल तर आंबट ताकात कालवलेलं थोडं शेण, तेही नसेल तर नुसतं आंबट ताक. जंतू आपोआप येतात, विरजणाने फक्त लवकर येतात.

मग रोजचा ओला कचरा बोटभर लांबीचे तुकडे करून टाका आणि त्यावर तेवढाच, किंवा थोडा जास्तच, वाळलेला पाला पसरा. ओल्यात नत्र जास्त असतं आणि पाल्यात कर्ब, म्हणजे कार्बन. जंतूंना नत्राच्या साधारण तीसपट कर्ब लागतो, म्हणून पाला हात सैल सोडून घालायचा. दर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने तळापर्यंत ढवळा. चार-पाच दिवसांनी मधोमध हात धरलात तर मिश्रण कोमट लागेल. ते लागलं की समजा, काम सुरू झालं.

पाण्याचं प्रमाण मुठीने तपासायचं. मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब आला तर बरोबर आहे. धार लागली तर पाला वाढवा, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. कुबट वास, चिलटं, खाली गळणारं पाणी या सगळ्या तक्रारींवर नव्वद टक्के वेळा औषध एकच असतं: पाला घाला आणि ढवळा.

माझ्या पहिल्या आषाढात पाहुणे येऊन गेले होते. उरलेला भात, कलिंगडाची सालं, सगळं एकदम बादलीत गेलं, आणि पाऊस लागल्याने घरात पाला नव्हता. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आतल्या बाजूने पांढरट अळ्या वर चढत होत्या. मी झाकण पुन्हा लावलं आणि दिवसभर तिकडे फिरकले नाही. संध्याकाळी बादली वर्तमानपत्रावर उपडी केली, सुताराकडून भुसा आणून कालवला, थोडी कडुलिंबाची पेंड घातली आणि सगळं परत भरलं. आठवड्यात अळ्या दिसेनाशा झाल्या. पुढे समजलं की अशा ओल्या बादलीत बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. त्या दिसल्या म्हणून बादली बंद करून ठेवण्याचं काहीच कारण नाही.

भुसा घ्याल तेव्हा साध्या लाकडाचा घ्या. प्लायवुडच्या भुशात डिंक आणि रसायनं असतात. आणि पाल्याची बेगमी आधीच करून ठेवा. माघ-फाल्गुनात झाडं पानं गाळतात, रस्त्याकडेला ढीग लागतात आणि लोक ते पेटवून देतात. त्या दिवसांत झाडलोट करणाऱ्यांना सांगून दोन पोती भरून घ्या. चार माणसांच्या घराचा पावसाळा त्यावर निघतो. हे लिहिताना मुद्दाम सांगावंसं वाटतं: तुमच्या सोसायटीत पाला जाळत असतील तर आधी ते थांबवा. जळणाऱ्या त्या ढिगातच सगळ्या इमारतीच्या खतासाठी लागणारा पाला असतो.

साधारण महिन्याभरात पहिली बादली भरते. ती बाजूला ठेवा, दर आठवड्याला ढवळत राहा आणि दुसरी सुरू करा. पुढच्या सहा-सात आठवड्यांत पहिलीतला माल काळसर, भुसभुशीत होऊन पाव-पंचमांश उरतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तो वास आला की चाळणीने चाळा. वर राहिलेल्या काड्या आणि शेंड्या पुढच्या बादलीचं विरजण. खाली आलेलं खत तीन भाग मातीला एक भाग या हिशेबाने मिसळा, लावलेल्या कुंड्यांना महिन्याला एक मूठ पुरते.

तेलाचा तवंग आलेली भाजी, हाडं, मासळीचे काटे सुरुवातीला घालू नका. लिंबू-संत्र्याची सालंही एकदम खूप नकोत. त्यांचं बायोएन्झाइम, म्हणजे सफाईसाठी आंबवलेलं पाणी, करा: एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून. काचेची बाटली वायूने फुटू शकते, म्हणून प्लॅस्टिकचीच. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा, मग अधूनमधून. तीन महिन्यांनी गाळून घ्या; पाण्यात मिसळून फरशी आणि मोरी स्वच्छ होते.

गॅलरीच नसेल किंवा घरच्यांची तयारी नसेल तर ओला निदान निर्भेळ द्या. त्यात एकही प्लॅस्टिकची पिशवी नसेल तरच त्याचं पुढे खत किंवा बायोगॅस होऊ शकतो.

तिसरी पायरी : सुका धुवायचा, वाळवायचा, साठवायचा

सुक्या कचऱ्याचे पैसे कोणाला मिळतात हे आधी समजून घ्या. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या उपस्थितीत कचरावेचकांची परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घ्यायला सुरुवात केली. तिच्या सभासदांत बहुसंख्य बायका आहेत. घरटी मिळणाऱ्या शुल्काबरोबर सुका माल विकून येणारे पैसे ही त्यांची कमाई. पिशवीत रस्सा सांडला की तो थेट त्यांच्या कमाईत सांडतो.

भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात डबे, बाटल्या, पिशव्या खळबळून घ्या. नवं पाणी खर्च करायची गरज नाही. मग दोरीवर किंवा ताटाळ्यावर वाळत घाला. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तिरकी चीर देऊन तो पिशवीलाच लटकू द्या. सुटा तुकडा नखाएवढा असतो, तो कुणी वेचू शकत नाही, गटारात नाहीतर डेपोत जातो. अख्खी पिशवी मात्र चांगल्या प्रतीचं प्लॅस्टिक आहे, धुऊन वाळवलेल्या पिशव्यांना गिऱ्हाईक असतं. घरात रोज दोन पिशव्या येत असतील तर वर्षाला ७३० कोपरे होतात.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठे कोरडे ठेवा. खोकी चपटी करा. दुकानातल्या छापील पावतीचा गुळगुळीत कागद रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा थर असतो. प्लॅस्टिकवर त्रिकोणात आकडा असतो: १ म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, २ म्हणजे शाम्पू-डिटर्जंटचे कॅन, ४ म्हणजे दुधाची पिशवी, ५ म्हणजे जेवणाचे डबे. या चारही प्रकारांना भंगारात मागणी आहे. ज्यूसची खोकी कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम अशा थरांची असतात. धुऊन, चपटी करून वेगळी द्या. धातूचा तर कणही टाकू नका. ॲल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टनं ही खरी अडचण. त्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती कोरडी करून एका पिशवीत दाबून भरा आणि सुक्यातच द्या. बरी वाट मिळाली तर ती सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात.

फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, दोरीने बांधा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि हातात द्या. मी हे एका सकाळी शिकले. ताईंनी शेजारच्या घरची पिशवी सोडली, आत वर्तमानपत्राच्या एका पानात फुटका पेला होता. अंगठ्याच्या खाली खोल चीर गेली. त्यांनी ओढणीची चिंधी फाडून बांधली, आणि त्याच हाताने पुढच्या सहा इमारती केल्या. त्यांना हातमोजे मिळतात, पण ओल्या मोज्यातून कागद आणि प्लॅस्टिक वेगळं कळत नाही, म्हणून निवडताना त्या ते काढतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’नेच रुजवली. लाल ठिपका दिसला की ते पुडकं कुणी उघडत नाही. एक लाल स्केचपेन न्हाणीघरात दोरीने टांगून ठेवा, म्हणजे शोधावं लागत नाही.

घातक आणि विजेच्या वस्तू

जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. त्या फोडू नका, ज्या खोक्यातून आल्या त्यातच परत घाला. चार्जर, मोबाइल, वायरी, सेल एका खोक्यात साठवा आणि महापालिकेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या. मोठी उपकरणं नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच. रस्त्यावर वायरी जाळून तांबं काढतात, तो धूर फार वाईट. देण्याआधी मोबाइलमधली माहिती पुसा. ब्लेड आणि सुयांची बरणी भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ‘धारदार’ लिहा आणि वेगळी द्या.

कपडे, आणि टाकाऊतून टिकाऊ

आपल्याकडे कपडा कधी कचरा नव्हताच. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिचं पायपुसणं, आणि बोहारीण उरलेल्या कपड्यांवर भांडं देऊन जाई. अजूनही गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आहेत. सुती साड्यांच्या दोन-तीन थरांची गोधडी मशीनवर न शिवता हाती धावदोऱ्याने घालून घ्या, ती धुण्यात टिकते. सुती कपडा असेल तर तुमच्या घरातही काहीच वाया जायला नको: बनियनचं फडकं, फडक्याची चिंधी. ‘गूंज’ ही संस्था जुने कपडे घेते आणि सुती कापडाचे सॅनिटरी पॅडही बनवते. देताना धुऊन, इस्त्री नको पण घडी घालून द्या. घेणाऱ्याच्या हातात ते कसं पडेल हा विचार करून द्या.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. बाटल्यांवर रंग मारून, मणी चिकटवून केलेल्या शोभेच्या वस्तू शाळेच्या प्रदर्शनात छान दिसतात. पण रंग आणि गोंद लागलेली बाटली भंगारवाला घेत नाही. जी बाटली दुसऱ्यांदा वितळून काहीतरी होऊ शकली असती ती वर्षभराने सरळ डेपोत जाते. मुलांना करू द्यायचंच असेल तर जी वस्तू नाहीतरी टाकावी लागणार होती ती द्या: वेफर्सची पाकिटं कापून विणलेली पिशवी, फुटक्या बादलीत लावलेली अळूची पानं, फाटक्या जीन्सची भाजी आणायची पिशवी.

पहिल्या महिन्यात काय करायचं

सगळं एकदम हाती घेऊ नका. पहिला आठवडा नुसतं ओलं आणि सुकं वेगळं करा. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, एकदा समोर बसवून दाखवा. सूत्र कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. दुसऱ्या आठवड्यात सुकं धुऊन वाळवायला लागा आणि लाल स्केचपेन टांगा. तिसऱ्या आठवड्यात पाला गोळा करा आणि बादलीला भोकं पाडा. चौथ्यात खत सुरू करा.

महिना झाला की सुक्याची पिशवी रिकामी करून निवडा: जे भंगारवाला घेतो ते एका बाजूला, जे कुणीच घेत नाही ते दुसऱ्या बाजूला, आणि हा दुसरा ढीग भाजीच्या वजनकाट्यावर ठेवा. आमच्या घरात त्यात निम्मी बिस्किटांची वेष्टनं निघाली होती. तेव्हापासून खारी आणि नानकटाई आणायला घरचाच स्टीलचा डबा घेऊन बेकरीत जातो. बेकरीवाले काका आता डबा दिसला की आधी तो काट्यावर ठेवून शून्य करतात, मग खारी भरतात.